कॉफीने डिमेन्शिया टळतो का? अभ्यासातला कप आणि आपला कप

उत्तरध्रुवकर (एस्पो, फिनलंड)

"रोज तीन कप कॉफी प्या, डिमेन्शियाचा धोका ६५ टक्क्यांनी कमी करा" असं ढकलपत्र गेले काही महिने साताऱ्यापासून सॅन होजेपर्यंतच्या नातेवाइकांकडून मला येतंय. मलाच का, तर मी फिनलंडमध्ये राहतो. इथे माणशी वर्षाला दहाएक किलो कॉफी खपते, जगात हा आकडा अगदी वरचा. कॉफीची सुट्टी इथे कामगारांच्या करारांतच लिहिलेली असते. त्यामुळे कॉफीबद्दलचं अंतिम सत्य मला ठाऊक असणार, असा घरच्यांचा समज.

आईचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आजीला शेवटची काही वर्षं डिमेन्शिया होता आणि तिचं सगळं आईनेच केलं. आता आई स्वतः ६८ची. जन्मभर चहा प्यायलेली बाई. परवा फोनवर सरळ विचारलं, "चहा सोडून कॉफी धरू का?"

म्हटलं, आधी मूळ अभ्यास बघावा. ढकलपत्रातला "६५ टक्के" हा आकडा नेमका इथलाच निघाला, आणि त्याची कूळकथा मला फार आवडली. १९७०च्या सुमारास पूर्व फिनलंडमधल्या उत्तर करेलिया भागात ऐन चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हृदयविकाराने पटापट मरत होते. लोणी, भरपूर मीठ, सिगारेटी. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने तिथे मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी हजारो लोकांचे रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सवयी अशी सगळी माहिती गोळा केली गेली. त्यात एक साधा प्रश्न होता: रोज किती कप कॉफी पिता? तेव्हा डिमेन्शियाचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. हृदयासाठी विचारलेला तो प्रश्न मेंदूच्या कामी आला तो खूप नंतर. १९९८ मध्ये कुओपिओ आणि योएन्सू या गावांच्या परिसरातल्या, त्या जुन्या पाहण्यांमधल्या ६५ ते ७९ वयाच्या १,४०९ जणांना पुन्हा बोलावून तपासलं. मधे सरासरी २१ वर्षं गेलेली. त्यातल्या ६१ जणांना डिमेन्शिया होता, पैकी ४८ जणांना अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार). मध्यम वयात रोज ३ ते ५ कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसला. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. चहाचा काही संबंध दिसला नाही, पण इथे तेव्हा चहा पिणारे होतेच किती!

आता दोन गोष्टी ढकलपत्रात कधीच नसतात. एक, हा कप मध्यम वयातला आहे. ६८व्या वर्षी सुरू केलेल्या कॉफीबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. दुसरी, पूर्ण अभ्यासात रुग्ण ६१. त्यांची कपांप्रमाणे वाटणी केली की एकेका गटात मोजकीच माणसं उरतात. एवढ्याशा संख्येवर उभा असलेला ६५चा आकडा थोडा इकडचा तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

आणि तो कप कसा? इथली कॉफी फिकट भाजलेली, कागदाच्या गाळणीतून उतरवलेली, पातळ, बहुधा बिनसाखरेची. कप लहान, दीडशे मिलिलिटरच्या आसपास. पूर्वी इथे कॉफीची भुकटी पाण्यात उकळून, न गाळता प्यायचे. तसल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य राहतं आणि ते कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते अडवतो. लोक उकळलेल्या कॉफीवरून गाळलेल्या कॉफीकडे वळले, हेही इथलं कोलेस्टेरॉल उतरण्याचं एक कारण मानतात. म्हणजे "कॉफी" या एका नावाखाली किती वेगवेगळी पेयं आली बघा.

मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट पुढची आहे. त्या २००९च्या शोधनिबंधात मिया किविपेल्टो या संशोधिकेचं नाव आहे. पुढे प्रत्यक्ष प्रयोग करायची वेळ आली, तेव्हा याच किविपेल्टोंनी ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि रक्तदाब-साखरेची नीट देखरेख दिली. दुसऱ्याला नेहमीचा आरोग्यसल्ला. पहिल्या गटाची बौद्धिक चाचण्यांतली प्रगती जास्त निघाली (२०१५). त्या यादीत "कॉफी पाजा" असं काही नव्हतं.

तर प्रश्न असे: तुम्ही आईला काय सांगाल? आणि आपल्याकडे जी कॉफी पितात ती या हिशेबात किती कप धरायची?

---

चहाटळ

म्हणजे आता चहावर गदा आणणार! अमृततुल्यवाल्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या या धाग्याचा तीव्र निषेध. ६८ वर्षं चहा पिऊन ज्या बाईला मुलाला नेमका प्रश्न विचारता येतो, तिच्या मेंदूला काय धाड भरलीय?

---

आकडेमोड (पुणे)

रोचक धागा. सध्या फिरणारं ढकलपत्र मात्र बहुधा फेब्रुवारी २०२६च्या अमेरिकन अभ्यासावरून सुटलंय, ६५ टक्के त्याला मागून जोडलेले दिसतात. तो अभ्यास "जामा" या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातले पुरुष मिळून १ लाख ३१ हजारांवर लोक, जास्तीत जास्त ४३ वर्षांचा पाठपुरावा, ११ हजारांवर डिमेन्शियाचे रुग्ण. कॅफीनवाली कॉफी सर्वांत जास्त पिणाऱ्या गटात धोका १८ टक्के कमी. फरक सगळ्यात ठळक दिसतो तो रोज २-३ कप कॉफीला किंवा १-२ कप चहाला. (चहाटळ, पेढे वाटा.) कॅफीन काढलेल्या कॉफीत असा संबंध दिसला नाही.

पण त्यातले कच्चे आकडे बघण्यासारखे आहेत. सर्वांत कमी कॉफी पिणाऱ्या गटात दर एक लाख व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस वर्षभर पाहिला की एक व्यक्ती-वर्ष) ३३० रुग्ण, सर्वांत जास्त पिणाऱ्यांत १४१. म्हणजे वरवर पाहता निम्म्याहून कमी! मग वय, धूम्रपान, वजन, व्यायाम, इतर आजार यांचा हिशेब लावला आणि उरले १८ टक्के. कॉफीच्या नावावर जमा वाटणारा फायदा बराचसा दुसऱ्याच कशाचा तरी होता. आता विचार करा: जे घटक मोजलेच नाहीत, त्यांचा हिशेब लावता आला असता तर १८चे किती उरले असते? कदाचित १५, कदाचित ५. लेखकांनीही याला कारण म्हटलेलं नाही, संबंध म्हटलंय.

उलटी गंगाही असू शकते. अल्झायमरची प्रक्रिया मेंदूत लक्षणांच्या दहा-वीस वर्षं आधी सुरू होते. त्या काळात झोप बिघडली, छातीत धडधड झाली, डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली, की तो माणूस "कमी कॉफी" गटात जाऊन बसतो.

बाकीचे अभ्यासही एका सुरात गात नाहीत. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या (लाखो लोकांची आरोग्याची माहिती साठवणारा प्रकल्प) साडेतीन लाखांवर लोकांत २-३ कप कॉफी आणि २-३ कप चहा दोन्ही पिणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका २८ टक्के कमी दिसला. त्याच बायोबँकेवर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काम केलं, तर दिवसाला ६ कपांहून जास्त पिणाऱ्यांत धोका ५३ टक्के जास्त. होनोलुलूतल्या जपानी वंशाच्या साडेतीन हजार पुरुषांत मध्यम वयातल्या कॉफीचा डिमेन्शियाशी संबंधच सापडला नाही. शिवाय बायोबँकेसाठी आमंत्रण धाडलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के लोक आले, आणि असे आपणहून येणारे लोक मुळात जरा धडधाकटच असतात.

---

मुसाफिर_७२

+१. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका: फिनलंडमध्ये एवढी कॉफी पितात, तर तिथे डिमेन्शिया नसेलच?

---

उत्तरध्रुवकर

@मुसाफिर_७२, उलट आहे. डिमेन्शियाने होणाऱ्या मृत्यूंच्या नोंदीत फिनलंड जगात वरच्या देशांत मोडतो. यावरून कॉफी वाईट असं म्हणायची घाई नको, इथे लोक खूप जगतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर डिमेन्शिया इमानेइतबारे लिहितात. देशाला देश जोडून पाहिलं की काहीही सिद्ध करता येतं.

---

काळाकप (चिकमगळूर, मूळ कोल्हापूर)

कॉफीच्या मळ्यांच्या गावात राहतो, तेव्हा कपाच्या प्रश्नावर बोलायचा हक्क बजावतो.

आधी घरातलं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे दुकानात जे खपतं त्यातलं पुष्कळसं कॉफी-चिकोरी मिश्रण असतं. नियमाप्रमाणे त्यात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी हे एक मूळ. भाजून दळलं की रंग, दाटपणा, कडवटपणा देतं. कॅफीन त्यात अजिबात नाही. चिकोरी वाईट नव्हे, दक्षिणेतल्या कित्येक घरांना तिच्याशिवाय कॉफी पाणचट लागते. पण अमेरिकेतल्या परिचारिकेच्या तीन कपांशी बरोबरी करायची असेल, तर अशा मिश्रणाचे कप जवळजवळ दुप्पट प्यावे लागतील.

आता आपल्या महाराष्ट्रातली कॉफी घ्या. पातेल्यात दूध, त्यात दोन-तीन चमचे साखर, वरून चमचाभर पूड, जायफळ किसून. लग्नाघरी रात्री मिळते ती. मला प्राणप्रिय आहे. पण ती कॉफीच्या वासाची दुधाची खीर आहे, तिला औषध म्हणू नका. २०२४ मध्ये बायोबँकेतल्या दोन लाखांवर लोकांची कॉफी साखरेप्रमाणे वेगळी करून पाहिली, तेव्हा बिनसाखरेची कॅफीनवाली कॉफी पिणाऱ्यांतच अल्झायमरचा धोका कमी दिसला. साखर किंवा कृत्रिम गोडी घालणाऱ्यांत तसं दिसलं नाही. अशी कॉफी दिवसाला तीन कप प्यायली, तर सहा ते नऊ चमचे साखर फक्त कॉफीतून गेली. मधुमेह हे डिमेन्शियाचं जोखमीचं कारण म्हणून नीट माहीत आहे, म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देणं झालं.

आणि हो, पितळी किंवा स्टीलचा फिल्टर म्हणजे कागदाची गाळणी नव्हे. भोकांतून तेलकट भाग बराचसा खाली उतरतो. कोलेस्टेरॉल चढं असेल त्यांनी लक्षात ठेवा.

---

नाडीपरीक्षा (सांगली)

मी फिजिशियन आहे, मेंदूचा तज्ज्ञ नाही. सर्वसाधारण माहिती देतो, कोणाच्या आईला न तपासता सल्ला देत नाही.

कॅफीन मेंदूवर काम कसं करतं ते पक्कं माहीत आहे. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते ठरावीक ग्राहींवर बसलं की पेंग येते. कॅफीन त्या जागा आधीच अडवून बसतं. फ्लोरिडात अल्झायमरसारखा आजार होईल असे जनुकीय बदल केलेल्या उंदरांना माणसाच्या हिशेबाने पाचेक कपांएवढं कॅफीन दिलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली आणि मेंदूतलं बीटा-अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन) कमी झालं (२००९). वाचायला छान वाटतं. पण उंदरांत बरा झालेला आणि माणसांत न बरा झालेला अल्झायमर हा या क्षेत्राचा जुना रोग आहे. माणसांना वर्षानुवर्षं कॉफी देऊन डिमेन्शिया टळतो का, हे चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासलेलं नाही.

व्यवहारात मला काळजी झोपेची. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, उतारवयात आणि यकृताच्या आजारात त्याहून जास्त. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. झोप मोडून मेंदू राखायला निघणं मला पटत नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं मानतात, गरोदरपणी २००.

ज्येष्ठांच्या घरी दोन गोष्टी पाहा. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नका, ती नीट शोषली जात नाही. मधे अर्धा ते एक तास जाऊ द्या. आणि रक्त कमी असेल तर जेवणाला लागून चहा-कॉफी टाळा, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता खरी यादी. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली. सगळी हाताळली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बसून राहणं, नैराश्य, एकटेपणा, डोक्याचा मार, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण, आणि दोन गोष्टी ज्या आपल्याकडे "वयच झालं" म्हणून सोडून देतात: कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं. कॉफी त्यात नाही. भारतात साठीपुढच्यांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. त्यांच्यातल्या कित्येकींचा रक्तदाब कधी मोजलेलाही नसतो.

विसरभोळेपणा वाढलाय असं वाटलं तर आधी बी-१२, थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास सापडते आणि त्यावर इलाज आहे.

---

गोदाकाठची (नाशिक)

लिहू की नको असं झालं होतं.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ कॉफी प्यायल्या. एका माणसावरून काही ठरत नाही हे मला कळतं, म्हणून कॉफीला दोष देत नाही. पण अशी बातमी आली की भेटायला येणारं कोणीतरी म्हणतंच, "कॉफी पीत होत्या ना, मग कसं झालं?" किंवा "रोज अक्रोड दिले असते तर..." जणू आम्ही काहीतरी द्यायचं राहून गेलं. ढकलपत्रं पाठवणाऱ्यांना हे दिसत नाही.

आमच्याकडे कॉफीचा प्रश्न वेगळाच आहे. कप खाली ठेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच, "सकाळपासून मला कोणी कॉफी दिली नाही." सुरुवातीला आम्ही पटवायला जायचो. रिकामा कप समोर ठेवून पाहिला, तर म्हणाल्या, "हा कोणाचा?" वाद घातला की त्या रडवेल्या होतात आणि का रडतोय तेही विसरतात, रडू मात्र राहतं. आता पटवत नाही. "ठेवते हं" म्हणायचं आणि अर्धा कप द्यायचा. दुपारी चारनंतर नुसत्या चिकोरीची, दुधाची. चवीत त्यांना फरक जाणवत नाही, निदान तक्रार तरी नाही. संध्याकाळची घालमेल, "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी जाणं, हे थांबलं नाही, पण रात्रीची झोप थोडी सुधारली असं आम्हा सगळ्यांचं मत. स्टीलचा पेला बंद केला, भाजतं हे त्यांना उशिरा कळतं. कानाचा जाड मग, कोमट कॉफी.

डॉक्टरसाहेबांनी कानाचं लिहिलंय ते वाचून थांबले. आईंना निदानाच्या कितीतरी आधीपासून कमी ऐकू यायचं. यंत्र आणलं होतं, ते कपाटात. "भणभण होते" म्हणून लावत नसत. आधी गप्पांतून बाजूला पडल्या, मग भिशीतून, मग देवळातल्या भजनातून. आम्ही म्हणायचो, स्वभाव बदलला.

---

चहाटळ

गोदाकाठची, तुमच्या प्रतिसादानंतर टवाळी करवत नाही. आमच्या बाबांचं यंत्रही कपाटातच आहे. आज काढतो.

---

आकडेमोड

ऐकण्याच्या यंत्रावर तर चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग आहे, २०२३चा, अमेरिकेतला. तीन वर्षांत एकूण सगळ्यांत मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच जोखीम जास्त होती, त्या गटात यंत्र दिलेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. उपगटाचा निकाल आहे, जपून वाचावा. तरी कॉफीच्या बाजूने एवढासुद्धा प्रयोग नाही.

---

उत्तरध्रुवकर

सर्वांचे आभार. आईशी बोललो. चहा चालू ठेव म्हटलं, साखर अर्धी कर आणि संध्याकाळचा शेवटचा कप वगळ. रक्तदाबाची गोळी ती "बरं वाटतंय" म्हणून अधूनमधून बंद करते, हे बोलता बोलता बाहेर आलं. त्यावर मात्र जोरात भांडण झालं. आणि टीव्हीचा आवाज मला इथे फोनवर ऐकू येतो एवढा असतो, तर कान तपासायला बाबांबरोबर पाठवतोय.

@गोदाकाठची, यंत्र कपाटात जाऊ नये म्हणून काय करता आलं असतं असं आता वाटतं?

---

गोदाकाठची

पहिल्याच दिवशी लग्नाला लावून नेलं, तिथेच बिनसलं. आता माझ्या स्वतःच्या आईला घेतलंय, तिला आधी घरात, टीव्ही बंद करून, एका माणसाशी बोलताना तासभर लावायला लावलं. मग हळूहळू वेळ वाढवला. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन आवाज जुळवून घेतला, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत ना हे विकत घेतानाच विचारून ठेवा. बॅटऱ्या, ओल, भांड्यांचा खणखणाट यावर बरंच लिहिता येईल, पण इथे ते अवांतर होईल. वेगळा धागा काढते.